उजव्या अंगानं आलेली बादली

मी राजेश्वरी. बेळगावच्या वडगावात, आमच्या गल्लीत मला राजाक्का म्हणतात. मागावर बसल्या बसल्या ओव्या रचते, आणि कडोलीच्या साहित्य संमेलनात व्यासपीठावर चढून त्या म्हणूनही दाखवल्यात. तेव्हा तुम्हाला छातीठोक सांगते, जगात अशी एकही गोष्ट नाही जी ओवीत बसत नाही! तापाचा काढा मी ओवीत बसवलाय. साडीच्या काठाचं गणित बसवलंय. गॅसची टाकी बदलायची रीत बसवलीय, आणि ती म्हणत म्हणत गल्लीतल्या निम्म्या बायका टाकी बदलतात. मग समुद्राचा कायदा काय, बसेल की! असं मला वाटलं. आणि बसला हो! ओवीत अगदी बेतशीर बसला. गल्लीत बसवताना मात्र घोटाळा झाला.

आमची भागी, म्हणजे भाग्यलक्ष्मी, माझ्या भावाची मुलगी. तिचा बाप यमनाप्पा म्हणजे मागाच्या खटखटाटातच बोलायला शिकलेला माणूस. शांततेत त्याला शब्द सुचत नाहीत. ह्या घरातली पोर जहाजावर गेली! आमच्यात समुद्र बघितलेला माणूस म्हणजे गोव्याच्या सहलीला जाऊन गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढून आलेला. आणि ही पोर शिकाऊ म्हणून अख्खा समुद्र ओलांडून आली. जहाज केवढं, तर आमची गल्ली, पुढचं देऊळ, शाळा आणि शाळेमागचं मैदान एका रांगेत मांडलं तरी वर जहाज उरतंच, असं ती म्हणाली. मी त्या रात्री जेवले नाही. पोट त्या आकारानंच भरलं.

आता तिला शिकाऊची अधिकारी व्हायचं होतं. त्याला परीक्षा असते. मी तिचं नियमांचं पुस्तक हातात घेतलं आणि अंगावर काटा आला. समुद्रावर किती काळ काढला त्याचा सही-शिक्क्याचा पुरावा हवा. लेखी पेपर. आणि शेवटी तोंडी! एका खोलीत आयुष्यभर समुद्र प्यालेला म्हातारा परीक्षक बसतो, टेबलावर चिमुकली लाकडी जहाजं मांडतो आणि विचारतो, आता काय करशील? त्याचं समाधान होईपर्यंत विचारतो. मी मनात म्हटलं, धन्य त्या माणसांची! जिथं रस्ता नाही, खांब नाही, पोलीस नाही, तिथं कुणी कुणाला वाट द्यायची हे त्यांनी बसून ठरवलं. आणि सगळं जग ते मुकाट्यानं पाळतं! आमच्या गल्लीत नळावर घागर कुणी आधी लावायची हे अजून ठरलेलं नाही.

भागी लेखी सगळं पास झाली. तोंडीत दोनदा आपटली.

दुसऱ्यांदा मुंबईहून परत आली ती सरळ मागापाशी जमिनीवर बसली. मी विचारलं, "काय विचारलं गं त्यांनी?"

तिनं कोनाड्यातले दोन धोटे घेतले, मागावर आडवा धागा नेणारे. धोटा तसा जहाजासारखाच, दोन्हीकडं टोकदार. ते फरशीवर मांडून म्हणाली, "हे माझं जहाज, आत्या. हे दुसरं. हे माझ्या डाव्या बाजूनं आडवं येतंय. काय करशील म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, मी थांबते. त्यास्नी जाऊ दे."

चुलीकडून बायाक्का, म्हणजे भागीची आई, ओरडली, "बरोबर सांगितलंस की! थोरामोठ्यांना वाट द्यावी."

"आई, तसं न्हाय गं!" भागी रडकुंडीला आली. "ज्याच्या उजव्या अंगाला दुसरं जहाज असतंय, त्यानं वाट द्यायची. डाव्या अंगाला असलं तर आपण आपलं सरळ जायचं. वेग बी बदलायचा न्हाय. दोघं बी वाट द्याय लागले, तर दोघं बी एकाच जागी वळत्यात आणि धडकत्यात!"

"तुला म्हाईत हुतं?" मी विचारलं.

"पाठ हुतं."

"मग थांबते का म्हणालीस गं?"

भागीनं आपला धोटा बोटानं बाजूला सरकवला. "ते जहाज लई मोठं हुतं, आत्या. आणि इचारणारे साहेब किती म्हातारे!"

घ्या! दोष पोरीचा नव्हे, आमच्या गल्लीचा. इथं दोन बायका दारात समोरासमोर आल्या की "आक्का, तू जा" आणि "न्हाय आक्का, तू जा" ह्यातच दुपार कलते. आमच्यात लेकरू चालायला शिकतं ते बाजूला सरकायला शिकतं. आणि समुद्रात त्याच संस्काराचे गुण वजा!

यमनाप्पानं माग थांबवला, म्हणजे गोष्ट गंभीर होती. "लेखी पास झाल्याची मुदत सरत आली म्हणं," तो म्हणाला. "आता एकच तोंडी हातात हाय. मग सगळं पहिल्यापासनं."

"पहिल्यापासनं न्हाय, आप्पा," भागी हळूच म्हणाली. "ह्या खेपेला गेलं तर मी जहाजावर परत जातच न्हाय. मला जमत न्हाय म्हणायचं आणि हितं बसायचं." आणि तिनं दोन्ही धोटे परत कोनाड्यात ठेवले. कायमचे ठेवावेत तसे. आणि माझ्यातली ओवी उठून उभी राहिली.

"भागे," मी म्हटलं, "तुझा समुद्र मी हितं आणते!"

रात्रीत तीन ओव्या पडल्या. ऐका:

*उजव्या अंगानं, कुणी आडवं ग आलं,*
*त्याच्या मागनं तू चाल, माझी बाई.*

*डाव्या अंगानं ग, कुणी आलं जरी,*
*आपुली वाट धरी, ढळू नको.*

*समोरासमोर, येती दोघी सया,*
*उजवीला वळाया, लाजू नये.*

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मी जाहीर केलं, "आजपासनं भागीच्या परीक्षेपर्यंत ही गल्ली म्हणजे समुद्र! सगळ्यांनी जहाजासारखं चालायचं. भागी कुणालाबी उगंच वाट देणार न्हाय, आणि कुणी राग मानायचा न्हाय!"

"मी बी जहाज?" म्हाताऱ्या यशोदाबाईंनी विचारलं. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले.

"तुम्ही तर मोठं जहाज, यशोदाक्का! मालवाहू!"

म्हातारी इतकी खूश झाली की घरात जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली.

पहिला प्रयोग तिच्यावरच. यशोदाबाई डावीकडच्या बोळातून काठी टेकत निघाल्या, भागी सरळ गल्लीतून. मी कट्ट्यावरून ओरडले, "ढळू नको!" भागी चार पावलं शूरासारखी गेली. यशोदाबाईंनी मान वर करून बघितलं मात्र, पोरगी भिंतीला चिकटली पालीसारखी! "या, आक्का, तुम्ही या आधी."

"नापास!" यशोदाबाईच ओरडल्या. "अगं, डाव्या अंगाला हाय मी! दिसत न्हाय व्हय?"

मग डावीकडूनच मष्णू आला. मष्णू म्हणजे सुताच्या पेट्यांची हातगाडी ढकलणारा. भागीनं त्याला वाट दिली. शेळी आली, शेळीला दिली. शेवटी तर डावीकडनं नुसती लोळत आलेली प्लास्टिकची घागर. ती जाईपर्यंत ही उभी!

आणि इकडं काय झालं? भागी सोडून अख्खी गल्ली तरबेज झाली! ओव्या तोंडात बसल्या. मष्णू रोज बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवून हात करायचा, "जा वैनी, तुम्ही माझ्या उजव्या अंगाला हाय, मी मागनं येतो." दोन व्याही समोरासमोर आले आणि नियमाप्रमाणं दोघंही उजवीला वळले. एक गटारात गेला, एक मनुबाईच्या वाळवणात. पण भांडण नाही! गटारातला म्हणतो, "बरोबर वळलो न्हवं?" आणि वाळवणातला म्हणतो, "एकदम कायद्यात!" समोरचं जहाज काय करतंय ते कळेना झालं तर पाच आखूड भोंगे द्यायचे, असाही नियम आहे. तो भागीकडून कळल्यावर पोरं शिट्ट्या घेऊन फिरू लागली. बायाक्काच्या कुकरनं लागोपाठ पाच शिट्ट्या दिल्या, तर दूधवाला जागच्या जागी थांबला आणि हात वर करून म्हणाला, "माझं काय चुकलं?"

मला भरून यायचं. लाटांचा कायदा आमच्या वडगावात, सुताच्या धुळीत, विनातक्रार चालला होता! पण भागी संध्याकाळी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायची आणि म्हणायची, "आत्या, सगळ्यास्नी जमलं. मला न्हाय."

मग मी शेवटचा उपाय काढला. कॅम्प भागात कॅप्टन नोरोन्हा राहतात. निवृत्त आहेत. एके काळी ह्याच परीक्षेचे परीक्षक होते. किती तरी जणांना त्यांनी पास केलं आणि त्याहून जास्त जणांना रडवलं, असं म्हणतात. त्यांच्या मिसेस आमच्याकडून साड्या नेतात, त्या ओळखीवर गेले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा. माणूस नव्हे, शीड!

"येतो," ते म्हणाले. "पण बाई, मी लाड करत नाही. तयारी नसेल तर तोंडावर सांगेन, जाऊ नको म्हणून."

भागीला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "बरं झालं. त्यांनी न्हाय म्हटलं की मी तिकीट रद्द करते. मुंबईत जाऊन परत रडाय नको."

मी हसून म्हटलं, "येडी!" पण हसू तेवढ्यापुरतंच. म्हणजे बघा, पोरीचा समुद्र आता एका पांढऱ्या मिशीवर टांगलेला!

तो दिवस उजाडला. गल्लीनं शिस्तीची कमाल केली. पोरांच्या शिट्ट्या काढून घेतल्या, शेळ्या बांधल्या. भागी निळी साडी नेसून आमच्या दारात उभी. कॅप्टन चार वाजता येणार. आणि तेवढ्यात यमनाप्पा म्हणतो, "आक्के, ताण्याला खळ लावायची राहिली. कोमट हाय तोवर आण की!"

खळ म्हणजे सुताला द्यायची पेज. मागच्या परसात शिजते आणि बाजूच्या बोळातून गल्लीत आणावी लागते. मी काठोकाठ भरलेली बादली उचलली आणि निघाले. डोक्यात चौथी ओवी जुळत होती, कॅप्टनच्या स्वागताची. पहिली ओळ झाली होती, दुसरी ओठावर होती.

बोळाच्या तोंडाशी आले आणि डावीकडून गल्लीत कॅप्टन येताना दिसले. पांढरेशुभ्र! मी मनात हिशेब केला. ते माझ्या डाव्या अंगाला. म्हणजे मी त्यांच्या उजव्या. म्हणजे वाट त्यांनी द्यायची! आणि ते तर साक्षात कायदा, ह्या माणसानं जन्मभर हाच नियम लोकांच्या घशाखाली उतरवलाय. ते देणारच! मी ढळले नाही. वेगही बदलला नाही. परत दुसऱ्या ओळीकडं वळले. माझीच ओवी, मीच नको का पाळायला?

आणि कॅप्टन? त्यांनी मागाहून सांगितलं. ते इतकी वर्षं बेळगावात राहिलेले. त्यांनी मनात म्हटलं, इथली माणसं किती नम्र, पाहुणा दिसला की चार हात अंतरावरून बाजूला होतात; ही बाई थांबणारच! तेही ढळले नाहीत.

धाड!

बादली त्यांच्या छातीवर, मी बादलीवर, आणि खळ दोघांवर. पण वाटा त्यांचा मोठा! मिशीपासून बुटापर्यंत खळ अशी संथ ओघळत गेली, जसं देवाला दह्याचं स्नान घालावं. मष्णूनं डोक्याला हात लावला. बायाक्का दारातच मट्‌कन बसली. यमनाप्पानं आत माग बंद केला आणि त्या शांततेत त्याला अर्थातच एक शब्द सुचला नाही.

मी हात जोडले. "साहेब, चुकलं! माझंच चुकलं! लाखदा चुकलं!"

"थांबा," कॅप्टन म्हणाले. खिशातून रुमाल काढला, रुमालही खळीत. तो तसाच परत ठेवला. कट्ट्यावर बसले. यशोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, तर त्यांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि बोट केलं दाराकडं. भागीकडं.

"तू बघत होतीस?"

"व्हय, सर."

"दोन जहाजं. धडक. हीच तुझी परीक्षा. सांग, चूक कुणाची?"

अहो, काय सांगू! मी भागीला डोळ्यांनी, भुवयांनी, कोपरानं खुणावत होते, माझं नाव घे, पोरी, माझं घे! पाहुणा, वयानं मोठा, त्यात परीक्षक, आणि अंगभर खळ! आमच्यात अशा माणसाची चूक असूच शकत नाही. बायाक्कानं तर हळूच म्हटलंच, "आत्याची म्हण गं."

भागी खाली बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला वाटलं, संपलं. आता ही भिंतीला चिकटणार.

तिनं पदर सोडला.

"तुमची, सर."

यशोदाबाईंच्या हातातला तांब्या ठणकन पडला!

"आत्या तुमच्या उजव्या अंगाला हुती," भागी म्हणाली. आता ती थांबत नव्हती. "वाट तुम्ही द्यायची हुती. थांबायचं, न्हायतर तिच्या मागनं वळायचं. ती थांबंल असं तुम्ही धरून चाललासा. धरून चालायचं नसतंय."

कॅप्टनच्या मिशीतून एक थेंब पडला. "आणि ही बाई निर्दोष?"

"न्हाय, सर." आणि पोरगी माझ्याकडं वळली! मला, जिनं तिला मांडीवर खेळवलं, त्या आत्याला सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "आत्या, वाट तुझीच हुती. पण समोरचा देत न्हाय असं दिसल्यावर हक्क धरून बसायचं नसतंय. धडक वाचवायची. आणि तू समोर बघतच नव्हतीस. तू ओवी रचत हुतीस!"

खोटं बोलता आलं नाही. दुसरी ओळ अजून ओठावरच होती.

"झालं?" कॅप्टननी विचारलं.

"न्हाय. एक राहिलं." भागीनं पदर कमरेला खोचला. "माझी बी चूक हाय. मला दारातनं तुम्ही दोघं बी दिसत हुता. मी ओरडाय पायजे हुतं. पाच शिट्ट्या द्याय पायजे हुत्या. मोठ्या माणसांवर कसं ओरडायचं म्हणून गप्प बसले, आणि जहाजं बुडाली."

कॅप्टन उठले. शर्ट आता वाळायला लागला होता. हात वर केला तेव्हा करकर असा आवाज आला.

"हे गेल्या खेपेला का नाही बोललीस?"

"तवा ते साहेब मोठे वाटले, सर."

"आणि मी?"

भागी पहिल्यांदा हसली. "तुम्ही बी वाटलासा. पण धडक त्याहून मोठी हुती."

कॅप्टन माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हिला मुंबईला पाठवा. आणि मला टॉवेल द्या."

भागी गेली. त्या दिवशी यमनाप्पानं सकाळपासून माग सुरूच केला नाही, फोन ऐकू यावा म्हणून. त्याचा थांबला म्हणून शेजारच्यानं थांबवला, त्याचा थांबला म्हणून पुढच्यानं. अख्ख्या गल्लीत माग गप्प! मला आठवतंय तेव्हापासून इतकी शांतता मी ऐकली नव्हती. समुद्राच्या मधोमध असंच असेल का, असं वाटलं. फोन वाजला. भागी नुसतं म्हणाली, "आप्पा, पास झाले." यमनाप्पानं फोन माझ्या हातात दिला. आत जाऊन माग सुरू केला, आणि मग त्या खटखटाटात त्याला जे बोलायचं ते तो किती तरी वेळ एकटाच बोलत होता.

भागी परत आल्यावर कॅप्टनना पुरणपोळीला बोलावलं. तीच पांढरी पँट घालून आले. "बाई, तुमच्या खळीनं जी इस्त्री बसली, ती मला नोकरीभर कुठल्या धोब्यानं दिली नाही."

मी फुलले! आणि फुलले की मला राहवत नाही. "साहेब," मी म्हटलं, "सगळे नियम माझे ओवीत पाठ आहेत. मी बसले तर परीक्षेला?"

"पुस्तकाचं पहिलं पान बसवलंत ओवीत?"

"पहिलं पान जरा कोरडं होतं. तेवढं सोडलं."

"त्या पानावर लिहिलंय, आधी उमेदवाराची नजर तपासायची. तिथं नापास झाला तर पुढचं पुस्तक उघडायचंच नाही." त्यांनी दारातून बोट दाखवलं. "त्या समोरच्या कौलावर काय बसलंय?"

मी बघितलं. "कबूतर. पांढरं. बिचारं एकटंच बसलंय."

बायाक्का वाढता वाढता थांबली. "वन्सं, ती आपली मांजर हाय."

कॅप्टन गंभीरपणे म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला केवढ्या अंतरावर वाटलो होतो?"

"पार तिकडं, मारुतीच्या देवळापाशी!"

"बाई, मी हाताच्या अंतरावर होतो."

भागी इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढच्याच आठवड्यात सांबऱ्याच्या विमानतळावर तिला सोडताना तिनं माझ्याकडून वचन घेतलं, चष्मा करून घेण्याचं.

चष्मा व्हायला वेळ लागला. तेवढ्यात तिनं जहाजावरून फोटो पाठवला. काय फोटो तो! अफाट निळं पाणी, आणि जहाजाच्या कडेला पांढऱ्या कपड्यांत ताठ उभी आमची भागी! मी गल्लीभर दाखवत फिरले. कुणी काही बोललं नाही. मोठ्या माणसाला कोण बोलणार? रोज संध्याकाळी फोन कोनाड्यात उभा करून मीठ-मोहरी ओवाळून पोरीची दृष्ट काढली. तिच्यासाठी पाळण्याच्या चालीवर ओवीसुद्धा रचली: *कशी उभी ताठ, माझी पाण्यावरची राणी.*

काल चष्मा आला. घातला, फोटो उघडला.

भागी होती. होती हो! पण पार वर, जहाज चालवायच्या काचेच्या खोलीत, मोहरीएवढी, दूरवर बघत, सगळं जहाज हाताशी धरून उभी. तिच्यापुढं आमची गल्ली, देऊळ, शाळा, मैदान, सगळं मुकाट्यानं लोखंड होऊन पसरलेलं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितलं. जीव भरेना.

आणि कडेला पांढऱ्या कपड्यांत ताठ उभी होती ती? तो जहाजाचा दोर बांधायचा लोखंडी खुंट निघाला. भागीची दृष्ट अजून काढायचीच आहे; पण त्या खुंटाला आता जन्मात कुणाची नजर लागत नाही, एवढं मी लिहून देते!